साचे आपल्या हाती, सूत्र कोणाच्या?



बचत गटातल्या बाईला 'उद्योजिका' म्हणायची आता पद्धतच पडली आहे. शब्द चांगला आहे. पण आपण विकतो त्या वस्तूत काय आहे, किती आहे आणि का आहे, हे जिला कोणी सांगितलेलंच नाही तिला उद्योजिका म्हणणं ही तिची थट्टा आहे. साबण-शाम्पूच्या प्रशिक्षणांत ही थट्टा राजरोस चालते. तिला आपण संघटितपणे विरोध केला पाहिजे, म्हणून हे लिहिते आहे.

रसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे विदर्भातल्या गटांच्या अशा शिबिरांना मला बोलावणं येतं. कार्यक्रम ठरलेला. बाहेरून आणलेला तयार बेस वितळवायचा, रंग आणि वास घालायचा, साच्यात ओतायचा, पाहुण्यांबरोबर फोटो काढायचा. अलीकडे त्यात कंडिशनरची भर पडली आहे. शाम्पूच्या वडीतच कंडिशनरचे घट्ट कण मिसळायचे, म्हणजे बाटली नको, प्लास्टिक नको, आणि शहरात भावही बरा मिळतो. कल्पना उत्तम आहे. पण एका शिबिरात गटाला विकत दिलेले कण फेब्रुवारीत टणक होते आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्यांचं तेल झालं. वड्या डागाळल्या, वेष्टनं चिकटली, दुकानदाराने माल परत पाठवला. कर्ज मात्र गटाच्या नावावर राहिलं. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं उत्तर एका ओळीचं होतं: "बायकांनी माल नीट ठेवला नाही."

चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याखाली त्याहून वर. त्या कणांच्या डब्यावर घटक लिहिले होते: कोकमाचं तेल आणि खोबरेल. खोबरेल २५ अंशांच्या आसपास वितळतं. कोकमाचं तेल, म्हणजे कोकणातल्या बाया भेगाळलेल्या टाचांना लावतात ते भिरंडेल, साधारण ४० अंशांना. जो कण ४० अंशांनाच पाणी होतो, तो विदर्भात कोणत्या बाईने कुठे नीट ठेवायचा?

यात गूढ काहीच नाही. ओल्या केसावर, विशेषतः झिजलेल्या केसावर, ऋण विद्युत्भार असतो. कंडिशनरमधला मुख्य पदार्थ धनभारित असतो, म्हणून तो केसाला धरून राहतो आणि केस मऊ लागतो. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हा असा एक पदार्थ. शाम्पूचा फेस करणारा पदार्थ मात्र बहुधा ऋणभारित असतो. दोघे आधीच एकत्र आले तर बऱ्याच अंशी एकमेकांनाच धरून बसतात, ना धड फेस, ना धड मऊपणा. बेस साबणाचा असेल तर हे आणखीच बिघडतं. वर बोअरचं जड पाणी मिळालं की केसांवर चिकट थर बसतो. म्हणून कंडिशनर मेणासारख्या पदार्थात बांधून त्याचे वेगळे कण करायचे. तो कण वापरेपर्यंत घट्ट राहिला पाहिजे, हाच सगळ्या युक्तीचा प्राण आहे.

घट्ट ठेवायचा कसा, तेही ठाऊक आहे. नाव अल्कोहोल असलं तरी मेणासारखे असणारे पदार्थ बाजारात मिळतात. सेटिल अल्कोहोल ४९ अंशांच्या आसपास वितळतं, स्टिअरिल ५९ च्या, बेहेनिल ७० च्या. पहिलं कमी आणि पुढची दोन जास्त घेतली की कण उन्हाळा काढतो. न्हाणीतलं पाणी तितकं गरम नसतं हे खरं. पण कण वितळून काम करतच नाही. पाण्यात चोळला की तो भिजून मलईसारखा होतो आणि केसांवर पसरतो. प्रमाण चुकून फार कडक झाला तर तो केसात तसाच अडकतो. म्हणून वजनकाटा हवा, तापमापक हवा. माल बाजारात नेण्याआधी थोडे कण काही आठवडे ४५ अंशांच्या उबेत ठेवून रोज बघायला हवेत. कच्चा धनभारित पदार्थ डोळ्यांना झोंबतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत. आणि प्रत्येक प्रयोगाची वही हवी. शिबिरात यातलं काय असतं? रंगीत साचे असतात.

मला कोणी म्हणतं, खेड्यातल्या बायकांना इतकं कशाला सांगायचं, त्यांच्या डोक्यावरून जाईल. १९५९ साली गिरगावात ज्या सात बायकांनी लिज्जत पापड सुरू केला, त्यांच्या डोक्यावरून काय गेलं होतं? डाळीच्या पिठाला पापडखार किती, पाणी किती, ऊन किती, हेसुद्धा सूत्रच आहे. ते सूत्र बायकांच्या हाती होतं म्हणून धंदा त्यांचा झाला. पण बाईच्या ज्ञानाला आपल्याकडे 'हातगुण' म्हणतात. माल साधला तर हातगुण, बिघडला तर निष्काळजीपणा. ज्ञानाचं श्रेय तिला कधीच नाही.

काही मैत्रिणी दुसऱ्या बाजूने विचारतात, सौंदर्याच्या बाजाराशी आपल्याला काय करायचं आहे? केस कसे दिसावेत हे बाजाराने ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण इथे प्रश्न श्रमाचा आहे. ती बाई हे काम आज करतेच आहे. ते आंधळेपणाने करायचं की डोळसपणे, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

कायदासुद्धा आड येत नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली, आता २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, असा माल बनवायला परवाना लागतो आणि जाणकार व्यक्तीची देखरेख लागते. त्यासाठी फार्मसीची पदविका चालते, तशी रसायनशास्त्रासह इंटरमीजिएट, म्हणजे आजची बारावी, हीसुद्धा चालते. अशा मुली गावोगाव आहेत. बारावी झाली की त्यांचं लग्न लावून आपण त्यांना चुलीपुढे बसवतो, आणि गटासाठी 'एक्स्पर्ट' शहरातून आणतो!

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. प्रत्येक प्रशिक्षणात घटकांची यादी आणि प्रमाण मराठीत लेखी मिळालं पाहिजे. काटा, तापमापक, चष्मे हे खर्चात धरले पाहिजेत. परवान्याची माहिती पहिल्याच दिवशी दिली पाहिजे. सदोष कच्च्या मालाने झालेलं नुकसान तो विकणाऱ्याने भरलं पाहिजे. आणि गावातल्या बारावी सायन्सच्या मुलीला त्या शिबिरात पहिली जागा मिळाली पाहिजे.

पुढच्या वेळी तुमच्या गटाला बोलावणं आलं की साच्यांकडे बघू नका, आधी सूत्र मागा. "ते आमचं गुपित आहे," असं उत्तर आलं तर सरळ सांगा, मग कर्जही तुमच्याच नावावर घ्या.