बाहुली सांगते, पण उशिरा

डोळ्यावर प्रकाश पडला की बाहुली आकसते. मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या उशाशी डॉक्टर बॅटरी घेऊन हेच पाहतात. मोठ्या माणसात ही तपासणी भरवशाची आहे. पण दिवस भरण्याआधी खूप लवकर जन्मलेल्या बाळात ती फसवी ठरते. आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सर्वाधिक असतो तो याच बाळांना.

प्रकाशाला बाहुलीचा प्रतिसाद गर्भावस्थेच्या साधारण ३० व्या आठवड्यानंतर दिसू लागतो आणि ३५ व्या आठवड्यापर्यंत स्थिरावतो. त्यामुळे २७ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची बाहुली हलली नाही, तर मेंदूला इजा झाली असेच नव्हे; त्या नसांचा मार्गच अजून तयार झालेला नसतो. शिवाय मॉर्फिनने बाहुली बारीक होते, तर दृष्टिपटलाच्या तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनी ती काही तास मोठी राहते.

उलट, बाहुली आकसली म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांलगत अतिशय नाजूक रक्तवाहिन्या असतात. रक्तदाब वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात, आणि लहान रक्तस्राव बाहेरून कोणतेही लक्षण दाखवत नाहीत. बाहुली विस्फारून स्थिर होते तेव्हा सहसा मेंदूवरचा दाब फार वाढलेला असतो.

म्हणून बॅटरीच्या जागी सोनोग्राफी हवी. टाळू उघडी असल्याने खाटेशेजारीच, किरणोत्साराविना, मेंदूत पाहता येते. झालेला रक्तस्राव पुसून टाकणारे औषध नाही, हे खरे. पण पुन्हापुन्हा तपासले तर डोक्यात पाणी साचू लागल्याचे वेळीच कळते, उपचार करता येतात, आणि बाळाच्या हालचालींवर पहिल्या महिन्यांपासून लक्ष ठेवता येते. जिल्हा रुग्णालयांच्या नवजात शिशु कक्षांत ही सोय आणि ती वापरणारे प्रशिक्षित हात असायलाच हवेत. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार यंत्राची नोंदणी करावी लागते, ती रीतसर करावी. पण त्या कागदपत्रांच्या धास्तीने यंत्रच न घेणे परवडणारे नाही.

त्याहून मोठे काम प्रसूतीआधीचे आहे. २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान अकाली कळा सुरू झालेल्या मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाच्या फुप्फुसांना बळ मिळते आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही घटतो. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनचा पहिला डोस परिचारिकेने द्यावा, अशी मुभा केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. औषध स्वस्त आहे, सूचना जुनी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात तो डोस रुग्णवाहिका निघण्याआधी दिला जातो का, हे आता तपासले पाहिजे.