काल तर चालू होती!

दसरा झाला की मध्यमवर्गीय घरात साफसफाईचे वारे शिरते. स्वयंपाकघर, माळा, कोठीची खोली असे करीत करीत ते शेवटी अंगणातल्या मोटारीपाशी येऊन थांबते. यजमानांना एकाएकी आठवते की गाडीचे प्लग दोन वर्षांत कुणी काढलेले नाहीत. कुठून कुठून पाने निघतात, जुने धोतर चिंध्यांसाठी फाडले जाते, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मदतीला धावतो, आणि दुपारच्या चहापर्यंत इंजिन कल्हई केलेल्या पातेल्यासारखे लखलखू लागते. मग किल्ली फिरवायची. गाडी सुरू होत नाही. आणि घरातला जो तो एकच वाक्य बोलतो, "काल तर चालू होती!"

हे वाक्य तक्रारीच्या सुरात म्हटले जाते, पण निदान त्यातच आहे. काल चालू होती आणि आज नाही, तर मधल्या वेळात गाडीच्या जगात बदलले काय? आपले हात फिरले, एवढेच. म्हणून उलट्या पावली जावे. शेवटी जे बसवले ते आधी पाहावे, मग त्याच्या आधीचे. हे इतके उघड आहे की कुणी करीत नाही. लोक पेट्रोलपंपवाल्याला नावे ठेवतात, गाडीचे वय काढतात, नवी कॉईल आणून बसवतात, आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जिल्ह्याचे ठिकाण अजिंठ्याच्या डोंगरावर. तिथे रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने खाली, म्हणजे तिकडच्या भाषेत 'घाटाखाली'. दिवाळीची पाहुणी मंडळी मलकापूरला उतरली की मोताळ्यावरून राजूर घाट चढून त्यांना वर आणायचे. खामगावहून यावे तर बोथ्याचे जंगल मध्ये. गाडी अंगणातच अडून बसली तर बरे म्हणायचे. घाटात बसली तर पंचाईत.

पहिली परीक्षा कानाने करावी. किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक' झाले आणि इंजिन फिरलेच नाही, तर पेट्रोल आणि प्लग यांच्या वाटेला जाऊ नये. दोष बॅटरी, तिची टोके किंवा सेल्फ यांत आहे. पुरती भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण बॅटरी भरलेली असून, दिवे झगझगीत असूनही 'टक'च ऐकू आले, तर अर्थिंगची पट्टी पाहावी. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी असते. ती काम करताना सोडतात आणि परत लावायची राहते. मग सेल्फला लागणारा तो प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि जुन्या गाड्यांत ती वाट पुष्कळदा चोकच्या तारेतून निघते. सेल्फ मारताना चोकची तार गरम लागली, तर समजावे.

इंजिन घरघर फिरते पण पेटत नाही, हा दुसरा प्रकार. घरच्या दुरुस्तीनंतर बहुधा हाच होतो, आणि त्याचे मूळ बहुधा 'डेल्को'त असते. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेटन गावच्या एका कंपनीच्या आद्याक्षरांचे. चार्ल्स केटरिंग यांनी ती १९०९ मध्ये काढली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ लागला तो त्यांच्याच खटपटीने. हँडल मारून मनगट मोडून घेण्याचे दिवस तेव्हापासून सरू लागले. कंपनीचे नाव मात्र आमच्या चिखली-मेहकरच्या गॅरेजांत सुटे होऊन राहिले आहे.

चिखलीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. सरांनी आपली मात्र जपली. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुपारी त्यांनी प्लग साफ केले, आणि संध्याकाळी गाडी नुसती खोकू लागली. मध्येच फट्ट असा बार निघे. परवा भाऊबीजेला मेहकरला जायचे ठरलेले. सर हट्टाने सेल्फ मारीत राहिले, ते बॅटरी मंदावेपर्यंत. तेवढ्यात पुतण्याने तोड काढली: एअर फिल्टर उतरवायचा, वाटीने कार्बोरेटरमध्ये थोडे पेट्रोल ओतायचे आणि सेल्फ मारायचा. वाटी भरूनही झाली. दहा पावलांवर मुले फुलबाज्या लावीत होती.

सुदैवाने त्याच क्षणी बोलावलेले मिस्त्री फाटकातून आत आले. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही.

"सर, आधी ते पेट्रोल उचला इथून. अन् पोराइले मागच्या अंगणात पाठवा." वाटी दूर गेल्यावर ते बोनेटपाशी आले. "आता मले सांगा, कशाकशाले हात लावला?"

"अहो, काही नाही. नुसते प्लग पुसले."

"वायरी चारी एकदमच काढल्या?"

"काढल्या. पण नंबरवार लावल्या की! एक, दोन, तीन, चार."

"तेच तर झालं ना बाप्पा!"

प्लग इंजिनावर ओळीने एक-दोन-तीन-चार असे बसतात, पण त्यांना ठिणगी मिळते ती एक-तीन-चार-दोन या क्रमाने. झटके पुढेमागे वाटले जावेत आणि इंजिन कमी हादरावे म्हणून ही योजना. डेल्कोच्या टोपणाखाली फिरणारा रोटर हा पंगतीतला वाढपी समजा. तो आपल्या वाटेने गोल फिरतो. पाने कुणाची हे तो पाहत नाही. सरांनी पाने बसण्याच्या क्रमाने मांडली, त्यामुळे पहिल्यालाच वेळेवर वाढले गेले आणि बाकीच्या तिघांना भलत्याच वेळी. एखाद्या सिलिंडरात आतली झडप उघडी असताना ठिणगी पडली, की जाळ कार्बोरेटरच्या तोंडातून मागे येतो. तो फट्ट आवाज त्याचाच होता. आणि नेमक्या त्या तोंडात पुतण्या पेट्रोल ओतायला निघाला होता! वायरी उलटसुलट असोत की नसोत, हा उपाय कुणीही, कुठल्याही गाडीवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहाणीसुरती माणसे तो करताना मी पाहिली आहेत.

तीन वायरी बदलल्या, शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडली, आणि पद्मिनी सुरू झाली. मिस्त्रींनी चहा घेतला, पैसे घेतले, आणि वायरी एका वेळी एकच काढावी असे पुतण्याला दोनदा सांगितले. सरांना सांगण्याचे धाडस त्यांना झाले नसावे.

डेल्कोत आणखीही गमती होतात. टोपण बसते, पण रोटर मात्र चिंधीत गुंडाळलेला खिडकीत राहतो. पॉइंट घासून त्यांची फट बेताची ठेवायची राहते. कॉईलची बारीक वायर निसटते. ठिणगी पाहायची तर प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवून, रबरी पकडीने धरून, पेट्रोलपासून दूर पाहावी. तेही जुन्या पॉइंटवाल्या गाडीतच. नव्या गाड्यांत ती वायर उपटल्याने आतले यंत्रही जळते आणि झटकाही जबर बसतो. सेल्फ एका दमाला दहा सेकंदांहून अधिक मारू नये, आणि पुन्हा मारण्याआधी अर्धा मिनिट थांबावे.

पेट्रोलचा मामला सोपा. नळी उलटी बसली का, चिमटा पडला का, हवेच्या तोंडात चिंधी राहिली का, एवढे पाहिले की झाले. विदर्भातल्या मेमध्ये पंपातच पेट्रोलची वाफ होते, त्यावर ओले फडके हा जुना उपाय. पण तो दिवाळीचा विषय नव्हे.

आताच्या गाड्यांना डेल्कोच नाही. तिथे किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो की नाही ते पाहावे. लागलाच नाही, तर फ्यूज पाहावेत. कुलपाचे किंवा किल्लीचे चित्र लुकलुकत राहिले, तर गाडी किल्ली ओळखत नाही. दुसरी किल्ली आणावी. दोन्ही ठीक असतील, तर एअर फिल्टर काढताना सोडलेली सेन्सरची जोडणी परत 'टक्' वाजेपर्यंत बसली आहे का, तिकडे बोट घालावे.

राहता राहिला घाट. राजूर घाटात गाडी बंद पडली की कुणीतरी सुचवतेच, "उतार आहे, सोडून द्या, आपोआप चालू होईल." नव्या गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत असते, इंजिन बंद असले की एक-दोन दाबांनंतर पायाखाली नुसता दगड उरतो. स्टिअरिंगही जड होते, आणि कुणी घाईत किल्ली काढली तर तेही कुलूपबंद. म्हणून गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा, चारी दिवे लुकलुकते ठेवावेत, मंडळींना रस्त्यापासून दूर डोंगराच्या बाजूला बसवून फराळाचा डबा उघडावा आणि मिस्त्रीला फोन करावा. गाडी सुरू होऊन निघालात की तो दगड मात्र रस्त्यात तसाच टाकून जाऊ नका; मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो अंधारात दिसत नाही.