नोकरी गेली, फी कशी भरायची?

वडिलांची नोकरी गेली की घरात पहिली कात्री बहुधा मुलांच्या शिक्षणाला लागते, आणि त्यातही मुलीच्या. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू,’ असं म्हटलं जातं. पण सुटलेलं कॉलेज पुन्हा धरणं सोपं नसतं.

अशा वेळी लपवाछपवी नको. मुलांना खरी परिस्थिती सांगा. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन हप्त्यांनी फी भरण्याची सवलत मागा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सलग ५ वर्षं नोकरी झाली असेल, तर ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे. ती ३० दिवसांत मिळायला हवी. मात्र सगळी रक्कम फीत घालू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा.

उरलेल्या पैशांसाठी शैक्षणिक कर्ज आहे. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलतीसाठी अर्ज करता येतो.

तेव्हा दागिने मोडण्याआधी आणि सावकाराकडे जाण्याआधी बँकेची पायरी चढा. लेकीचं नाव कॉलेजातून काढण्याचा विचार तर सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो कधीच नको. उद्या घर सावरायला तिचंच शिक्षण उपयोगी पडेल.