तक्रार हीही सामाजिक संपत्ती

सॉफ्टवेअरची मालकी हा तज्ज्ञांवर सोपवून समाजवादी चळवळीने मोकळे व्हावे असा विषय नव्हे. ‘पोस्टग्रेस’ हा मुक्त स्रोत डेटाबेस या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 1986 मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभरातील प्रोग्रामरांच्या सहकार्यावर उभा आहे.

मागितलेल्या नोंदी कोणत्या मार्गाने शोधाव्यात हे ठरविणारा डेटाबेसचा भाग, म्हणजे ‘क्वेरी ऑप्टिमायझर’, हा वस्तुतः एक नियोजकच. आकडे चुकले की नियोजन कसे फसते, हे पंचवार्षिक योजनांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. समजा, महाराष्ट्रातील एक कोटी नोंदी 36 जिल्ह्यांत व 358 तालुक्यांत ढोबळमानाने सारख्या विभागल्या आहेत. ‘जिल्हा सातारा, तालुका कराड’ असे विचारल्यास सुमारे 28,000 नोंदी मिळावयास हव्यात. परंतु कराड साताऱ्यातच आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. ते दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र मानते, त्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करते आणि 775 च्या आसपास येऊन थांबते. मग थोड्या नोंदींना सोयीचा मार्ग हजारोंसाठी निवडला जातो व काम रखडते.

हा दोष प्रथम जाणवतो तो वापरणाऱ्याला. ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ या आज्ञेने अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या शेजारी-शेजारी उमटतात. त्या कोणीही विकासकांपुढे ठेवू शकतो. स्तंभांच्या परस्परावलंबनाची आकडेवारी गोळा करण्याची सोय 2017 च्या दहाव्या आवृत्तीत आली आणि 2019 च्या बाराव्या आवृत्तीत ती विस्तारली.

‘अमुक मार्गानेच जा’ असा हुकूम क्वेरीत लिहिण्याची पद्धत खासगी डेटाबेसांत रूढ आहे. पोस्टग्रेसच्या विकासकांनी तिला दीर्घकाळ विरोध केला. हुकमाने ज्याचे भागते तो तक्रार करीत नाही आणि दोष इतरांसाठी तसाच राहतो, हा त्यांचा एक युक्तिवाद. ज्याचे काम आजच अडले आहे त्याला तो कठोर वाटेल. तथापि तो बिनतोड आहे. याउलट, ओरॅकलच्या करारात वेगचाचणीचे निष्कर्ष परवानगीविना प्रसिद्ध करण्यासच मनाई असते!

केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. परवान्याचे पैसे वाचले, एवढ्यावर समाधान मानावयाचे काय? सरकारी कंत्राटांत, नागरिकांची माहिती वगळून, असे दोष विकासकांना कळविण्याची अट घातली पाहिजे, आणि ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदांपासूनच लावून धरावी.