चौघांचा प्रोजेक्ट, एकट्याचा कोड

परवा ऑफिसातल्या एका नव्या पोराचा कोड रिव्ह्यू केला. सात-आठ कॉमेंट्स टाकल्या, तर साहेब दिवसभर गप्प! जेवायलाही आला नाही. आधी हसू आलं, मग माझाच बीईचा प्रोजेक्ट आठवला.

आम्ही चौघं होतो. कोड सगळा मी लिहिला. एकाने ब्लॅक बुक टाईप केलं, एकाने डायग्राम काढले, चौथ्याने प्रिंटआऊट, बाइंडिंग आणि वडापाव सांभाळले. व्हायवाला एक्स्टर्नलने नेमकं त्या चौथ्यालाच डेटाबेसबद्दल विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तर मी दिलं. मार्क चौघांनाही सारखेच. तेव्हा वाटलं, मित्राला वाचवलं. पण "राहू दे रे, मी पटकन करून टाकतो" म्हणत वर्षभर त्याला कीबोर्डला हात लावू दिला नव्हता तो मीच की!

चार रोल नंबर एकत्र बांधले की टीमवर्क आपोआप येतं, असा आपल्याकडे समज आहे. येत नाही हो. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 'जिगसॉ' पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला एकच तुकडा, तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे शेजारच्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतरच नाही. पेअर प्रोग्रॅमिंगमध्येही एक टाईप करतो, दुसरा बघतो, आणि थोड्या वेळाने जागा बदलतात. ही अदलाबदल नसेल तर दुसरा नुसता चहा पितो.

मग प्रोजेक्टमध्ये हे का नको? दर महिन्याला मॉड्यूल बदला. व्हायवात माझ्या मॉड्यूलवरचे प्रश्न मित्राला विचारा, आणि तो अडला तर मार्क माझेही कापा. हुशार पोरं बोंबलतील. मीही बोंबललो असतो. पण नुकसान माझंही झालंच. पहिल्या नोकरीत कुणीतरी माझ्या एका व्हेरिएबलचं नाव बदललं म्हणून मी दोन दिवस धुमसत होतो. दुसऱ्याला वाचता येईल असा कोड लिहायची वेळच कधी आली नव्हती ना!

असो. तो मित्र पुढे कोडिंगच्या वाटेला गेला नाही. बँकेत आहे, मजेत आहे. मागच्या वर्षी भेटला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "ते लॉगिन पेज मला करायचं होतं रे."