विश्लेषण : ‘ऑपरेशन बेबीलिफ्ट’चे विमान कोणी पाडले?

व्हिएतनाम युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. ४ एप्रिल १९७५ रोजी अनाथ मुलांना घेऊन सायगावहून निघालेले अमेरिकी हवाई दलाचे सी-५ए गॅलेक्सी हे मालवाहू विमान काही मिनिटांतच निकामी झाले आणि भातखाचरात कोसळले. त्यातील ३१४ पैकी १३८ जण दगावले. त्यांत ७८ मुले होती. सुरुवातीला घातपाताचा संशय होता. तपासात मात्र वेगळेच कारण पुढे आले.

मोहीम काय होती?

उत्तर व्हिएतनामचे सैन्य सायगावच्या दिशेने सरकत होते. अनाथालयांतील मुलांना बाहेर काढण्याची घोषणा अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ३ एप्रिलला केली आणि दुसऱ्याच दिवशी मोहिमेतील पहिले अधिकृत विमान उडाले. ते रणगाडे वाहण्यासाठी बनवलेले होते. वरच्या मजल्यावर आसने होती, पण जागा अपुरी पडल्याने अनेक मुलांना आणि सोबतच्या महिलांना खालच्या मालकक्षात बसवण्यात आले.

हवेत काय घडले?

विमान सुमारे २३ हजार फुटांवर असताना मागच्या दाराची लॉक निसटली. या उंचीवर बाहेरचा हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम ४० टक्के असतो, तर आतला दाब माणसांसाठी वाढवलेला असतो. या फरकामुळे दाराच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण तीन टनांचा भार येतो. लॉक सुटताच दार स्फोटासारखे उडाले. जाताना त्याने शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रण केबल तोडल्या आणि चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणाही बंद पडल्या.

वैमानिकांनी काय केले?

विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीची पाती निकामी झाली होती. कॅप्टन डेनिस ट्रेनर आणि सहवैमानिक टिलफर्ड हार्प यांच्या हाती इंजिनांची ताकद, एका पंखाचे एलेरॉन आणि स्पॉयलर एवढेच उरले. ताकद वाढवली की नाक वर, कमी केली की खाली, अशा कसरतीने त्यांनी विमान परत वळवले. पण वेग कमी केला की विमान खाली झेपावत असल्याने नेहमीच्या वेगाने उतरणे अशक्य होते. धावपट्टीच्या अलीकडेच ते खाचरात टेकले, पुन्हा उसळून सायगाव नदीपलीकडे गेले आणि बांधाला धडकून त्याचे तुकडे झाले. खालच्या मजल्यावरचे बहुतेक जण मृत्युमुखी पडले, तर वरचे बहुतेक वाचले.

दार का सुटले?

तपासात बोट दाखवले गेले ते देखभालीकडे. लॉकचे काही भाग दुसऱ्या विमानासाठी काढून घेण्यात आले होते आणि पुन्हा बसवताना त्यांची जुळणी नीट झाली नव्हती. एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला लावणे हा युद्धकाळातला सर्रास प्रकार. त्यात गैर काही नाही, पण नंतरची तपासणी काटेकोर हवी. इथे नेमकी तीच कमी पडली.

धडा कोणता?

वर्षभरापूर्वी, ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चे मालदार असेच उडाले होते. तिथेही शेपटीच्या केबल तुटल्या आणि ३४६ जणांचा बळी गेला. एक यंत्रणा बिघडली तर दुसरी हवी, हा विमानबांधणीचा मूलमंत्र. पण पर्यायी यंत्रणाही त्याच वाटेने नेली, तर एका घावात सगळेच जाते.

ट्रेनर यांना हवाई दलाचा ‘एअर फोर्स क्रॉस’ मिळाला आणि तो रास्तच होता. वैमानिकांच्या धाडसाने १७६ जण वाचले. मात्र संकटात ‘लवकर निघा’ हा आदेश देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. घाई माणसांना समजते, लॉकला नाही. मुलांना वाचवायला निघालेल्या या विमानावर शत्रूची एकही गोळी लागली नव्हती.