आबांचे अडतीस गुंठे आणि दादाचे गणकयंत्र

मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला. तेव्हा इंजिनिअर लोकांच्या गणकयंत्रावर मी लेख लिहावा हा आगाऊपणाच. पण त्या यंत्राने आमच्या घरात जे घडवले, ते पाहिल्यावर गप्प बसवत नाही.

दादा सांगलीला एका सर्व्हेअरच्या हाताखाली काम करतो. त्याने ओळखीतून कॅसिओचे एफएक्स-५८००पी हे प्रोग्रॅम करता येणारे यंत्र जुने विकत घेतले. चार ओळींचा पडदा, एक बारीक सेल, आणि साठवणीला अवघे २८,५०० बाइट. मोबाईलमधला एक फोटोही त्यात मावायचा नाही. "मग मोबाईलच का नाही?" मी विचारले. "उन्हात आकडे दिसतात, आणि चिखलाच्या बोटांनी बटणे दाबता येतात," दादा म्हणाला. खिशातले असे पहिले यंत्र, एचपी-६५, १९७४ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी अपोलो-सोयूझ मोहिमेत अंतराळात गेले. दादाचे यंत्र दिवाळीत कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या मळ्यात उतरले.

हा मळा काकांच्या नि आमच्या वाटणीतला. सातबारा अजून सामाईक. आबांनी स्वतः दोरी धरून दोन तुकडे पाडले होते, दोन्ही अडतीस-अडतीस गुंठ्यांचे. आबा चौथी शिकलेले, पण पावकी, दिडकी, अडीचकी अजून तोंडपाठ. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा, १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा धरायचा, अशी त्यांची रीत.

दादाने सातारच्या एसटीत बसून प्रोग्रॅम लिहिला होता. यंत्र एकेक बाजू विचारते: २२०, १८४, २०१, २०९ फूट. मग रोमन अक्षरांत विचारते, 'कर्ण?' आबा म्हणाले, "हे कशाला?" टेप तिरपी धरली, ३१६ फूट भरले. यंत्राने दोन त्रिकोण करून उत्तर दिले: ३७ गुंठे, वर आणा-दीड आणा. काकांचा तुकडा जवळजवळ काटकोनी. तो ३८ च भरला.

"तुझ्या यंत्राने माझा गुंठा खाल्ला," आबा म्हणाले.

दादाने आबांच्या रीतीने तेच आकडे यंत्रात घातले. अडतीसला किंचित कमी! म्हणजे आबांचा हिशेब बिनचूक होता, रीतच ढोबळ होती. चौकोन काटकोनी नसला की ती नेहमी क्षेत्र वाढवून दाखवते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या रीतीला स्थूलच म्हटले होते. आणि ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याची पिशाच म्हणून संभावना केली आहे. (हे मी आबांना सांगितलेले नाही.)

यंत्राने बुद्धी गंजते, असे आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतो. नुसती बटणे दाबणाऱ्याची गंजत असेल. पण 'कर्ण?' हा प्रश्न यंत्राला आपोआप सुचला नव्हता, तो दादाने त्याला शिकवला होता. डिप्लोमाला पाठ केलेले हेरॉनचे सूत्र आपल्याला खरे समजले ते प्रोग्रॅम लिहिताना, असे तोच सांगतो. आणि यंत्र शहाणे आहे असेही नाही. मी गंमत म्हणून दोन बाजूंची अदलाबदल केली, तर उत्तर पन्नासएक चौरस फुटांनी हलले. यंत्राने हूं की चूं केले नाही.

अभियांत्रिकीच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांवर प्रोग्रॅम न होणारेच गणकयंत्र वापरावे अशी सूचना असते. सूत्रे साठवून कोणी कॉपी करेल ही भीती खरी, लेखी परीक्षेपुरता तो नियम मला मान्य आहे. परंतु प्रात्यक्षिकाला प्रत्येकाकडून एक तरी प्रोग्रॅम लिहून घ्यायला काय हरकत आहे? जे यंत्र पुढे पोट भरायला लागणार, ते दादाला नोकरी लागल्यावर प्रथम हातात घ्यावे लागले. आम्हा कला शाखेच्या मुलांनाही ते द्यावे, असे मी म्हटले तर मित्र हसतात. निबंधात एक पायरी गाळली तरी सर समजून घेतात. हे यंत्र समजून घेत नाही, एवढा एक धडा आम्हाला पुष्कळ आहे.

राहिला गुंठ्याचा प्रश्न. निम्मा गुंठा काकांकडून आमच्याकडे यायला हवा. आबांनी त्यांना अजून काही सांगितलेले नाही. परवा मात्र दादाला फोन करून विचारत होते, "पुढच्या खेपेला ते यंत्र आणशील का? आणि टेप जरा लांब आण."